काटा, दही आणि शिंक

पाऊस सरला की अंबरनाथ पश्चिमेत शिंकांचा हंगाम सुरू होतो. चार महिने भिंतींनी ओल धरलेली असते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागलेला असतो. नवरात्राआधीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ खाली येते, गाद्या-गोधड्या झटकल्या जातात आणि रेल्वेच्या रुळांलगतचं काँग्रेस गवत बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं. विम्को नाक्यावर सकाळी शाळेच्या रिक्षेची वाट बघणारी मुलं दिसतात, त्यांत कोणी ना कोणी नाक चोळत असतंच.

आमची नात त्यांतलीच. उठल्याउठल्या ओळीने शिंका, मग डोळ्यांना खाज, मग नाक बंद. परवा जेवताना तिच्या आजीने तिच्या पुढची दह्याची वाटी उचलली. "नाक वाहतंय, दही नको. कफ होईल." सूनबाईंनी ती वाटी परत तिच्यापुढे ठेवली. "आई, उलट दह्यानं अ‍ॅलर्जी कमी होते म्हणतात." नातीने माझ्याकडे पाहिलं. "आबा, खाऊ की नको?"

मी म्हटलं, आधी खा, मग सांगतो. ती गोष्ट मोठी आहे. तिला सांगितली तशीच इथे लिहितो.

भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर मेसिना नावाचं बंदर आहे. १८८२ सालच्या डिसेंबरात तिथे इल्या मेचनिकॉव्ह नावाचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्राकाठी बिऱ्हाड करून राहत होता. वय ३७. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. भिंगाखाली होती तारामाशाची अळी. ती इतकी पारदर्शक असते की जिवंतपणीच तिच्या पोटातलं सगळं दिसतं. आत काही पेशी इकडून तिकडे सरकत होत्या. बघता बघता त्याच्या मनात आलं, या फिरत्या पेशी अंगाची राखण तर करत नसतील? आपल्या बोटात काटा मोडला की भोवती पू धरतो. मग या अळीत काटा टोचला तर या पेशी तिथे धावून यायला हव्यात.

घराच्या बागेत गुलाब होता. त्याने काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली अलगद सरकवले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. भल्या पहाटे उठून भिंगातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातला होता.

नात म्हणाली, "मग तिला दुखलं नसेल?" ते मला ठाऊक नाही, पण तारामाशाच्या अळीला आपल्यासारख्या रक्तवाहिन्याच नसतात, आणि तेच या गोष्टीतलं मोठं आश्चर्य आहे. रक्ताने वाहून आणल्याशिवाय त्या पेशी आपल्या पायांनी तिथे पोचल्या होत्या. बाहेरून आलेली वस्तू गिळणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळालं. १९०८ साली मेचनिकॉव्हला नोबेल पारितोषिक मिळालं ते पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून. एर्लिख यांचा अभ्यास रक्तात विरघळलेल्या प्रतिपिंडांचा. त्या काळी दोन्ही पक्षांत कडाक्याचं भांडण होतं, शरीर पेशींनी लढतं की प्रतिपिंडांनी. पारितोषिक देणाऱ्यांनी दोघांना शेजारी बसवलं, आणि ते योग्यच झालं. नातीची शिंक एर्लिखच्या बाजूची आहे आणि तिच्या वाटीतलं दही मेचनिकॉव्हच्या.

कारण हाच मेचनिकॉव्ह पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि म्हातारपणाच्या मागे लागला. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विष तयार करतात आणि त्यानेच माणूस लवकर थकतो, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याच सुमारास, १९०५ साली, स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियातल्या एका तरुण डॉक्टरला जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यात एक लांबट काडीसारखा जिवाणू सापडला. बल्गेरियातले शेतकरी रोज आंबट दूध पितात आणि पुष्कळ जगतात, असं तेव्हा बोललं जाई. मेचनिकॉव्हने दोन्ही गोष्टी जोडल्या. १९०७ च्या आपल्या पुस्तकात त्याने आंबवलेल्या दुधाची थोरवी गायली, स्वतः रोज ते पीत राहिला आणि १९१६ साली ७१ व्या वर्षी वारला. त्याचा तर्क पुष्कळसा चुकला होता. तो बल्गेरियन जिवाणू आपल्या आतड्यात घर करत नाही, वाटसरूसारखा येतो आणि जातो. पण खाल्लेले जिवंत जिवाणू शरीराच्या राखणदारांशी काहीतरी बोलतात, ही त्याची ओढ मात्र पुढच्या शंभर वर्षांत फळाला आली.

हे जिवाणू बघायला पॅरिसला जायला नको. आपल्या ओट्यावर रोज रात्री ते कामाला लागतात. दूध तापवून बोट सहन होईल इतकं कोमट झालं की त्यात चमचाभर विरजण कालवायचं आणि पातेलं झाकून हलवायचं नाही. विरजणात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दूध हळूहळू आंबट होत जातं. आंबटपणा एका ठरावीक पातळीला पोचला की दुधातलं केसीन हे प्रथिन, जे इतका वेळ सुटंसुटं तरंगत होतं, एकमेकांना धरतं आणि जाळी विणतं. त्या जाळीत पाणी अडकतं. सकाळी पातेलं तिरकं केलं तरी न हलणारं कवडी दही म्हणजे ती जाळी. आमच्याकडे थंडीत हे पातेलं पिठाच्या डब्यात जातं, कारण गारठ्यात जिवाणूंचं काम रेंगाळतं. मे महिन्यात मात्र उशिरा उठलात तर दही आंबून जातं. इतकं जिवंत असतं ते.

आता शिंक. नाकात धूळ गेली आणि शिंक आली, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, ती साधी साफसफाई. अ‍ॅलर्जीची शिंक निराळी. आमच्याकडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गेटवर नवा पहारेकरी आला आणि त्याने रोजच्या दूधवाल्यालाच घातपाती समजून धोक्याचा भोंगा वाजवला तर आत काय पळापळ होईल? तेच नाकात होतं. दूधवाला निरुपद्रवी असतो, सगळं नुकसान पळापळीचं असतं.

आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत हा दूधवाला बहुतेक वेळा धुळीतला माइट असतो. हा आठ पायांचा जीव मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या भागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. गाद्या-उशांत राहतो, आपल्या कातडीचा झडलेला कोंडा खातो. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतली प्रथिनं हवेत उडतात आणि नाकात जातात. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचं मूळ हा जीव आहे हे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवलं. दुसरे गुन्हेगार ओलीच्या भिंतीवरची बुरशी आणि काँग्रेस गवताचे पराग. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशात कुठे नाही ते विचारा.

असा एखादा कण नाकाच्या ओल्या अस्तरावर बसला की तिथली डेंड्रायटिक नावाची रोगप्रतिकारक पेशी त्याचा तुकडा उचलते आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवते. निरोगी माणसात टी पेशी तो तुकडा बघून सोडून देतात. अ‍ॅलर्जीच्या माणसात त्यांतल्या काही टी पेशी भडकतात आणि इंटरल्यूकिन नावाचे रासायनिक निरोप धाडतात. एक निरोप बी पेशींना जातो आणि त्या आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवायला लागतात. ही आयजीई १९६६-६७ मध्ये डेन्व्हरला इशिझाका पती-पत्नींनी आणि उप्सालाला योहान्सन आणि बेनिक यांनी वेगवेगळी शोधली. ती जाऊन बसते नाकातल्या, श्वासनळीतल्या मास्ट पेशींवर, आणि वाट बघते. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी आपला साठा रिकामा करते, हिस्टामाइन सांडतं, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. श्वासनळ्या आवळल्या तर तो दमा. दुसरा एक निरोप, इंटरल्यूकिन-५, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो आणि सूज दिवसचे दिवस हटत नाही.

"पण आबा, दही तर पोटात जातं. शिंक नाकात येते." नातीने बरोबर जागी बोट ठेवलं.

शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा एक मोठा तळ आतड्यात आहे. लहान आतड्याच्या अस्तरात जागोजागी उंचवटे असतात. १६७७ साली योहान पायर या स्विस वैद्याने त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना पायरचे पट्टे म्हणतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातून जाणारे जिवाणू उचलून आत देतात. आत डेंड्रायटिक पेशी बसलेल्या असतात. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे त्यांना ओळखू येतात, आणि तुकडा कोणाचा आहे त्यावर त्या निरोप बदलतात. दह्यात सापडतात तसले काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू भेटले की त्या इंटरल्यूकिन-१२ सोडतात. त्याने अ‍ॅलर्जीच्या बाजूला झुकलेल्या टी पेशींचा तोल दुसरीकडे कलतो. काही वेळा इंटरल्यूकिन-१० सुटतं आणि नियामक टी पेशी वाढतात. या नियामक पेशींचं काम एकच, बाकीच्यांना आवरणं. त्यांचा छडा लावणारे जपानचे शिमोन साकागुची यांना अमेरिकेच्या मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं नोबेल मिळालं. आणि आतड्यात शिकून तयार झालेली पेशी तिथेच बसून राहत नाही. लसिका, रक्त, तिथून फुप्फुस, नाक, असा तिचा रस्ता असतो. पोटातला धडा नाकापर्यंत पोचतो तो असा.

धडे देणारे जिवाणू फक्त दह्यातले नसतात, हेही मी तिला सांगितलं. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅखन यांनी ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या १७,००० हून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना वरची भावंडं जास्त, त्यांना परागज्वर कमी. लहानपणी भावंडांकडून, मातीतून, गोठ्यातून जे जिवाणू अंगाला लागतात ते पहारेकऱ्याला शिकवतात, असा विचार तिथून रुजला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन भारतीय कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांच्या आतड्यांतले जिवाणू पाहिले. वयाप्रमाणे त्यांची घडण बदलत जाते असं त्यांना दिसलं. एका घरात, एका पातेल्यातलं दही खाणारे आम्ही आजोबा आणि नात, पण पोटातली वस्ती निरनिराळी.

मग दह्याने अ‍ॅलर्जी बरी होते का? इथे मला गोष्ट सांगणाऱ्याचा मोह आवरावा लागतो, कारण गोष्टीला इथे गोड शेवट हवा असतो.

सुरुवात छान झाली. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तिथल्या शालिनी जैन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली आपल्या दह्यावरच काम छापलं. उंदरांना अंड्यातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी करवली आणि काहींना दूध, काहींना साधं दही, काहींना दोन निवडक लॅक्टोबॅसिलस घालून लावलेलं प्रोबायोटिक दही दिलं. प्रोबायोटिक दही खाणाऱ्या उंदरांत आयजीई कमी राहिली आणि अ‍ॅलर्जीकडे ढकलणारे निरोपही घटले.

माणसांवर इंग्लंडमधल्या नॉरविचच्या अन्न संशोधन संस्थेने प्रयोग केला. गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेले २० जण घेतले. दहा जणांना पाच महिने रोज लॅक्टोबॅसिलस कॅसेई शिरोटा हा जिवाणू असलेलं आंबवलेलं दूध दिलं, दहा जणांना तशाच चवीचं पण जिवाणू नसलेलं. हा जिवाणू क्योटोच्या मिनोरू शिरोटा यांनी १९३० साली निवडून वाढवलेला, पोटातल्या आम्लात तग धरणारा. २००८ मध्ये निष्कर्ष आले. ते दूध पिणाऱ्यांच्या रक्तपेशींना पराग दाखवला तर इंटरल्यूकिन-५ आणि त्याच्यासारखे निरोप कमी निघत होते, आयजीई उतरली होती, आयजीजी नावाची दुसरी प्रतिपिंडं वाढली होती. ज्या निरोपाने इओसिनोफिल धावतात तोच निरोप क्षीण झाला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मेचनिकॉव्हची आठवण होऊन अंगावर काटा आला होता.

पण शिंका? त्याच संस्थेने पुढे ६० जण घेऊन १६ आठवडे तेच दूध तपासलं आणि नाकात पराग सोडून पाहिला. २०१३ साली छापलेलं उत्तर असं की अस्तरातल्या काही खुणा बदलल्या, पण माणसाच्या त्रासात म्हणावा असा फरक पडला नाही. जपानमध्ये तर अशा उपायाची मोठी गरज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुगी नावाच्या वृक्षांची डोंगरच्या डोंगर लागवड झाली आणि आता दर वसंतात त्यांचे पराग सगळ्या देशाला रडवतात. तिथेही शिरोटाच्या दुधाने एकूण त्रास कमी झाल्याचं दिसलं नाही. इटलीत दोन ते पाच वर्षांच्या १८७ मुलांवर वर्षभर आंबवलेलं दूध तपासून पाहिलं, जिवाणू थोडा निराळा. २००७ चा तो निष्कर्ष मला सगळ्यात बोलका वाटतो. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना वर्षभरात सर्दीचे झटके कमी आले, दम्याच्या मुलांना काही फायदा झाला नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ साली सगळे पुरावे तपासून प्रोबायोटिकची शिफारस केली ती फक्त बाळांचा इसब टाळण्यापुरती, आणि तीही हात राखून.

म्हणजे रक्तातली भाषा बदलते हे खरं, नाकाला ती ऐकू येतेच असं नाही. जिवाणूची जात बदलली की उत्तर बदलतं, माणूस बदलला की पुन्हा बदलतं. म्हणून "दही" असं मोघम म्हणून चालत नाही. प्रोबायोटिक म्हणायला जिवाणू ओळखीचा लागतो, जिवंत आणि पुरेसा लागतो आणि त्याचा उपयोग तपासून सिद्ध झालेला लागतो. घरच्या विरजणात कोण कोण आहे हे पिढ्यान्‌पिढ्या कोणी मोजलेलं नाही. ते जिवंत आहे, पौष्टिक आहे, पण औषध नाही. आणि कढी उकळली की तेही जिवाणू गेलेच.

नातीच्या आजीचंही ऐकायला हवं. तिची कफाची शंकाही तपासली गेली आहे, दह्यावर नाही तरी दुधावर. १९९० साली ऑस्ट्रेलियात ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन त्यांचं दूध पिणं आणि शेंबूड दोन्ही मोजले होते. दूध जास्त म्हणून शेंबूड जास्त, असं काही निघालं नाही. रात्री दही नको हे मात्र चरकसंहितेपासून चालत आलंय आणि आमच्या घरात त्यावर वाद नाही, आमचं दही दुपारच्या जेवणातलं. ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी आहे त्याला दही द्यायचं नाही, हे सांगायला नको.

दह्याइतकंच लक्ष नाचणीच्या भाकरीकडे, उसळींकडे, भाज्यांकडे द्यावं असं मी सूनबाईंना सांगितलं. तंतुमय अन्न आतड्यातले आपले कायमचे जिवाणू खातात आणि त्यातून लहान साखळीची आम्लं तयार होतात. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये २०१४ साली उंदरांवर दिसलं की ही आम्लं रक्तातून जाऊन फुप्फुसातली अ‍ॅलर्जीची सूज कमी करतात. शिवाय माइट मारायचे तर उशीचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत, ओलीच्या भिंतीची गळती उन्हाळ्यातच काढावी.

आणि एक गोष्ट आपल्या गावापुरती. २०२४ च्या सप्टेंबरात एका रात्री अंबरनाथवर रसायनाचा धूर पसरला, लोकांचे डोळे आणि घसे चुरचुरले. २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत ओतलेल्या रसायनाने उल्हासनगरात शेकडो लोक रुग्णालयात गेले होते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. तिथे पहारेकरी चुकलेला नसतो, समोरचा खरोखरच घातकी असतो, आणि नाकाच्या अस्तराला जखम झाली की पुढे माइटची प्रथिनं आणि पराग आत शिरायला वाट मोकळी. त्यावर जगातलं कुठलंही दही चालत नाही. तिथे वायूचा वास आला की त्याच रात्री प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि नगरपालिकेकडे तक्रार नोंदवणं हाच उपाय, आणि तो आपण मोठ्यांनी करायचा असतो.

नात आता दही खाते आणि डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रेही रोज घेते. तुमच्या घरात दम्याचं मूल असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. दही द्या, ताक द्या, पण "इनहेलरच्या पंपाची सवय लागते" असं कोणी म्हणालं म्हणून त्याचा पंप बंद करू नका. पंपाचं व्यसन लागत नाही, आणि श्वासनळ्या आवळल्या त्या क्षणी उपयोगी पडतो तो पंपच.